दुधाच्या टँकरशेजारी

माझा भाचा तुषार याने मोटारसायकलचे दोन्ही आरसे काढून टाकले होते. "मामा, आरसे असले की फटीतून गाडी निघत नाही," म्हणायचा. त्याने सावकाश चालवावी म्हणून ताई मुद्दाम मला मागे बसवून पाठवायची. 'सावकाश' हा शब्द मात्र माझ्या तोंडून कधी निघाला नाही.

त्या दुपारी द्वारका चौकात बस आणि दुधाचा टँकर यांच्यामध्ये त्याने गाडी घातली. पुढे रिक्षा आडवी आली आणि आम्ही अडकलो.

"काय हिरो, आजोबांना चेपतोस का?" बसच्या खिडकीतून कोणीतरी हसलं.

मी मान वळवली. टँकरच्या चकचकीत पत्र्यात आमची गाडी दिसत होती. मागच्या सीटवर मी होतो. पुढे कोणी नव्हतं.

माझ्या नजरेचा मला भरवसा नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेच. इथे त्याची कंबर माझ्या हाताला गरम लागत होती.

ताईला काय सांगायचं, एवढंच मनात आलं.

टँकर सुरू झाला. पत्रा थरथरू लागला. तुषारही त्यातच बघत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही मागे आहात ना? यात मी एकटाच दिसतोय."