राजकन्येचं उत्तर

“पुन्हा घेऊ,” बटण दाबून लेखिका म्हणाली. तिचा आवाज काचेपलीकडच्या दोघांच्या हेडफोनमध्ये गेला. त्यातला एक तिचा नवरा होता. दुसरी ती मुलगी, जिच्यापायी तो महिन्याअखेर घर सोडणार होता. हे त्याने बायकोला अजून सांगितलं नव्हतं. तिला ते कळलंय, हेही त्याच्या गावी नव्हतं.

प्रेम आणि जादूच्या कादंबरीमालेचा हा शेवटचा भाग. राजकन्या ड्रॅगनवर बसणाऱ्या राजपुत्राची होणार की गरीब वैद्याची, यावरून आधीच्या सगळ्या भागांत वाचकांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. ऑडिओबुकात राजपुत्राचा आवाज नवऱ्याचा. त्या आवाजावरून बायका जीव ओवाळून टाकत, आणि तोही कुणाला फारसं निराश करत नसे. राजकन्येचा आवाज त्या मुलीचा. स्टुडिओत तिला सगळे चिमणी म्हणायचे.

गोष्ट आधीच फुटू नये म्हणून या मालेचे कागद कुणालाच घरी मिळत नसत. ज्या दिवशी वाचायचं त्या दिवशी, माईकसमोरच हातात. नवऱ्यालाही सूट नव्हती. नियम त्यानेच घालून दिला होता. तालमीने वाचनाची धार जाते, असं तो ऐटीत सांगायचा. आज त्याच नियमात तो अलगद सापडला होता.

कारण या भागात राजपुत्राला एक जुनी बायको निघाली होती, जंगलात राहणारी चेटकीण. वैद्य बिचारा दुसऱ्याच पानावर पुरात वाहून गेला. त्रिकोण होता तसाच होता, फक्त आता मधे राजपुत्र उभा होता.

“तू चेटकिणीशी बोलतोयस,” लेखिका म्हणाली. “त्यांच्या लग्नाआधीचा प्रसंग आहे. जरा जीव ओत.”

नवऱ्याने वाचायला सुरुवात केली. “दिवसभर मी दुसऱ्याने लिहून दिलेलं बोलतो. तुझ्यापाशी आलो की तेवढे चार शब्द माझे असतात. आणि तुझ्या कपाळावरची ही आठी, ही माझी. ही कुणाला द्यायची नाही.”

चिमणीचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

लेखिकेने ते पाहिलं. खरं तर तिने अंधारात दगड मारला होता. नवरा त्या मुलीशी काय गुलुगुलु बोलतो हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं. पण ज्याच्याबरोबर एवढा संसार केला, त्या माणसाच्या डोक्यात नवीन काही शिजत नाही, याची तिला खात्री होती. दगड बरोबर लागला. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आनंद मात्र तसूभरही कमी झाला नाही.

“झकास!” शेजारी बसलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्या भल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “दादा, काळजात घुसलं बघा.”

“पुढचं पान,” लेखिका म्हणाली. “आता राजकन्येशी.”

नवऱ्याने पुढचं पान घेतलं, त्यावर नजर फिरवली आणि काचेकडे पाहिलं. “अगं, हे मागचंच पुन्हा छापलं गेलंय.”

“बरोबर आहे. राजपुत्र हिच्याशीही तेच बोलतो.”

“वाचकांना पटणार नाही.”

“बायकांना पटेल. वाच तू.”

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, तेही रेकॉर्डिस्टसमोर. त्याने वाचलं. आवाज तोच, चढउतार तेच, ‘माझे’च्या आधीचा बारीकसा श्वासही तोच. इतक्या सरावाचं वाचन, ते चुकणार कसं? समोर उभ्या असलेल्या मुलीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

ती मात्र त्याच्याकडेच बघत होती. मग तिने काचेकडे तोंड केलं. “ताई, एक विचारू? ही वाक्यं तुम्हाला सुचली कुठून?”

“सुचली नाहीत गं. मला मिळाली होती. लग्नाआधी, एका जिन्यात.”

“कुठल्या जिन्यात?”

“याच इमारतीच्या. वरच्या वळणावर, दिवा नाही ना, तिथे.”

चिमणीने सावकाश मान हलवली. ते वळण तिच्याही ओळखीचं होतं. तिने आपला कागद पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली. “इथे माझी ओळच नाहीये. राजकन्या काय म्हणते?”

“ते मी लिहिलेलं नाही. तू म्हणशील ते ठेवीन.”

सगळा डाव लेखिकेने या कोऱ्या जागेवर लावला होता. मुलगी रडली आणि त्याच्या गळ्यात पडली, तर नवरा हातचा गेलाच, वर चारचौघांत शोभा होणार ती वेगळीच.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता. मुलगी माईकजवळ सरकली आणि राजकन्येच्या त्या गोड, बारीक आवाजात म्हणाली, “राजपुत्रा, दोघींसाठी निदान शब्द तरी वेगवेगळे आणायचेस.”

रेकॉर्डिस्ट खो खो हसला. “हे ठेवायचं ना, ताई?”

“ठेव.”

चिमणीने हेडफोन काढून खुंटीला अडकवला आणि ती पर्स शोधायला खाली वाकली. लेखिका पेनाचं टोपण लावू लागली. नवरा मधेच उभा होता. कागदावर पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

“ऐक ना,” तो म्हणाला. अगदी हळू, राजपुत्राच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात.

काचेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोघींनीही एकदमच वर पाहिलं.