मेथी निवडताना

“खरं सांगा बिवलकर, कुठल्या पेपरनं पळवलं तुम्हाला?” संपादकबाई थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. बिवलकरांच्या रविवारच्या क्रिकेटच्या सदरासाठी लोक पेपर घेत, आणि आता ते सदर सोडतो म्हणून त्यांनी कळवलं होतं.

“कुणी नाही पळवलं.”

छापायला देण्याआधी प्रत्येक लेख ते इथंच बायकोला वाचून दाखवत. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. ती मेथी निवडत ऐकायची. तिचा हात थांबला, की वाक्य अवघड झालंय हे ओळखून ते तिथंच खोडत.

ती गेली, त्याला महिना झाला होता.

“परवा लिहिला होता एक,” ते म्हणाले. “मेथीची जुडी समोर ठेवून मोठ्यानं वाचला. एकदाही थांबावं लागलं नाही हो.”