रुमालातली वस्तू

"घे ना पटकन, कुणी बघायच्या आत," म्हातारी शाहरिलच्या कानाशी म्हणाली आणि रुमालाची पुरचुंडी तिने पुढे केली.

शाहरिलने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मलेशियातल्या जोहोरहून आलेली बस नुकतीच सिंगापूरच्या सीमानाक्यावर रिकामी झाली होती. तपासणीची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. म्हातारी त्याच्या मागेच होती. डोक्याला फिका हिरवा स्कार्फ, एका हातात डब्यांची जड पिशवी, दुसऱ्या हातात ती पुरचुंडी. बसमध्ये ती पलीकडच्या बाकावर बसली होती. तेव्हा एक शब्द बोलली नव्हती.

"मावशी, माणूस चुकला तुमचा," तो म्हणाला.

"नाही चुकला. हे लागतं ना तुला? माझ्या नवऱ्यालाही लागायचं. चारचौघांत काढायला लाजायचा मेला."

"मला काही लागत नाही."

"सगळे असंच म्हणतात," म्हातारी हसली.

तेवढ्यात रुमालाचं टोक सुटलं आणि आतून काळं काहीतरी चकाकलं. शाहरिल अर्धं पाऊल मागे सरला. व्हेप.

खाडीपलीकडे, त्याच्या जोहोरमध्ये, पोरंटोरं सर्रास व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायची. इकडे तो खिशात सापडला तरी गुन्हा. म्हणून रोज कामाला सिंगापुरात येणारी माणसं निघण्याआधी आपापले व्हेप रोकियाताईच्या भाताच्या टपरीवर ठेवून यायची, मशिदीच्या पायरीवर चपला ठेवाव्यात तसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात सगळ्यांची पाऊचं असायची. संध्याकाळी परतताना ज्याचं त्याने न्यायचं.

आजही बस सुटता सुटता शेवटचा झुरका मारून शाहरिलने आपलं पाऊच तिच्याकडे टाकलं होतं.

"अरे, चेन तरी लाव, लिक्विड सांडेल माझ्या भातात," ती ओरडली होती.

"चव येईल तुझ्या भाताला," असं म्हणेपर्यंत तो बसच्या पायरीवर होता.

तो काळजी घ्यायचा, कारण मागच्या वर्षी एकदा सापडला होता. तेव्हा दंडावर निभावलं. दुसऱ्यांदा सापडलास तर कामाचा परवाना जाईल आणि पुन्हा इकडे पाऊल टाकता येणार नाही, असं अधिकाऱ्याने कागदावर सही घेऊन सांगितलं होतं. लिफ्टदुरुस्तीच्या त्या नोकरीवर बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे जगत होते.

आणि हे असलं कसं गळ्यात येतं, तेही त्याला ठाऊक होतं. त्याच्याच कंपनीतला अझमान. कुणा बाईची पिशवी दोन मिनिटं धरली काय, पिशवीत नऊ व्हेप निघाले. बाई गर्दीत गडप. अझमान आता गावी कोंबड्या पाळतो.

"कुठे निघालात?" त्याने अंदाज घ्यायला विचारलं.

"लेकीकडे. बाळंत झालीय. मी आपली तिकडची, बाटू पहात शहरापलीकडच्या खेड्यातली, इकडचं मला काही कळत नाही. तू रोजचा दिसतोस."

रोजचा दिसतोस. म्हणजे हेरून ठेवलंय. आणि खेड्यातली म्हातारी, हातात बाळंतिणीचे डबे. हिला कोण तपासणार? कुणाचं तरी डोकं चांगलंच चालत होतं.

तो दोन माणसं ओलांडून पुढे गेला. लोक कुरकुरले. थोड्या वेळाने बघतो तर म्हातारी "जरा जाऊ द्या बाबा, माझा मुलगा पुढे आहे" असं म्हणत पुन्हा त्याच्या पाठीशी येऊन उभी.

"मी तुमचा मुलगा नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मुलासारखाच की. किती घामेजलायस बघ. घे आता, हट्ट करू नकोस." तिचा हात त्याच्या जॅकेटच्या खिशाकडे आला.

शाहरिलने तो झटकला. हाताची हाडं हलकी लागली, त्याच्या आईच्या होती तशी. क्षणभर त्याला वाटलं, जाऊ दे, कुणीतरी वापरून घेतंय बिचारीला. पण पुढच्याच क्षणी दोन्ही मुलींचे चेहरे आठवले. आपण सांगितलं नाही, तर ही म्हातारी आपल्यालाही अझमानसारखंच गावी पाठवेल.

टेबलामागे एक तरुण चिनी अधिकारी उभा होता. शाहरिल रांग सोडून थेट त्याच्यापाशी गेला.

"साहेब, ती हिरव्या स्कार्फवाली. तिच्याकडे व्हेप आहे. मघापासून माझ्या खिशात घालायला बघतेय."

"तुम्ही स्वतः पाहिलात?"

"डोळ्यांनी. रुमालात आहे."

"बरं केलंत सांगितलंत. इथेच थांबा, जबाब लागेल. पासपोर्ट द्या."

शाहरिलने पासपोर्ट दिला. छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

म्हातारीला बाजूला घेतलं गेलं. घाबरणं राहिलं बाजूला, डब्यांत काय आहे ते ती न विचारता सांगू लागली. आल्याचं, हळदीचं, माशाचं. अधिकाऱ्याने रुमालाकडे बोट दाखवलं. तिने तो लगेच टेबलावर ठेवला, जणू ओझंच उतरलं.

अधिकाऱ्याने गाठ सोडली.

व्हेप काळा होता. तोंडाकडची बाजू चावून चावून पांढुरकी झालेली. शाहरिल बघत राहिला. त्या खुणा त्याच्याच दातांच्या होत्या. सकाळी रोकियाताईकडे टाकलेलं पाऊच रिकामंच होतं; शेवटच्या झुरक्यानंतर व्हेप सवयीने खिशात गेला होता.

"मावशी, हे तुमचं?"

"माझं कशाला असेल? त्या पोराचं आहे. बसमधून उतरताना त्याच्या खिशातून पडलं. कधीची देतेय, घेतच नाही. दम्याचा पंप बाळगायची कसली मेली लाज?"

अधिकाऱ्याने हातातला पासपोर्ट उघडला आणि यंत्रावर ठेवला. पडद्यावर मागच्या वर्षीची नोंद आली. त्याने मान वर करून शाहरिलकडे पाहिलं.

म्हातारीने व्हेप उचलून अधिकाऱ्याच्या हातात दिला. "ते कागदाचं मागाहून बघा साहेब. आधी त्याला एकदा ओढू द्या. बघा ना, कसा श्वास लागलाय त्याला."