रघूचं जेवण

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने जयराम गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. लालबागच्या चाळीत त्याची बायको उर्मिला दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा सासूला वाचून दाखवत होती. कथेतला रघू घाईघाईने चपला घालून मोर्चाला निघाला, तेवढ्यात म्हातारीने तिला थांबवलं. "नाव बदललंस गो, पण हो माझो जयरामच मा?" उर्मिलाने मान खाली घातली. "होय, आई." "त्या दिवशी उपाशी गेलो तो. कथेत तरी त्याका जेवाक घाल." उर्मिलाने तिथेच बसून लिहिलं आणि वाचलं. रघू पाटावर बसला, बांगड्याचं तिखलं भातात कालवून जेवला, आईकडे पुन्हा भात मागितला. पुढचं वाचण्याआधीच म्हातारीने कागदावर हात ठेवला. "हयसरच थांब गो. जेवता हा तो." उर्मिलाला हुंदका आवरेना. ती कथा तिने पुढे अंकाला पाठवलीच नाही.