झालं

“नेमकं इथेच घोडं पेंड खातं बघा,” आई कुजबुजली.

मुंगीचं बोट टॅबवरच्या हिरव्या बटणापर्यंत गेलं होतं. बटणावर ‘झालं’ असं लिहिलेलं. बोट तिथे थबकलं, डावा हात कानावर गेला, आणि तिने पान बंद करून टाकलं. लगेच दुसऱ्या एका पुलाचं पान उघडून ती वाचायला लागली.

मुंगी नऊ वर्षांची. फरशीच्या रेघांवरूनच चालते म्हणून बाबांनी हे नाव पाडलेलं. बोलते अगदी मोजकं, पण वाचते अधाशासारखी, आणि तेही फक्त पुलांविषयी. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या प्रोग्रामरने वहीत लिहिलं, ‘बटण मोठं करावं का?’

सॉफ्टवेअर या प्रोग्रामरचंच होतं, आणि मुंगी कुठे अडते ते बघायला ती आज घरी आली होती. स्वमग्न मुलांना इंटरनेटवर निर्धास्त फिरता यावं म्हणून तिने जिवापाड मेहनतीने केलेलं. जाहिराती नाहीत, उड्या मारणारी चित्रं नाहीत, अनोळखी कुणी मध्येच बोलायला येत नाही. एका वेळी एकच पान. ते वाचून संपलं की मुलाने ‘झालं’ दाबायचं, आणि तशी नोंद शाळेतल्या बाईंकडे जायची.

मुंगीच्या नावावर बेचाळीस पानं होती. पहिलं पूर्ण, पुढची एकेचाळीस अपूर्ण. बाईंनी त्यावरून निदान करून टाकलं होतं: हिला कुठलंच काम शेवटास नेता येत नाही, तेव्हा सोमवारपासून टॅब बंद, चित्रकार्डांच्या वर्गात बसवू.

“चित्रकार्डं!” आईचा आवाज चढला आणि तिने तो लगेच खाली आणला. “सफरचंद दाखवायचं आणि हिने सफरचंद म्हणायचं. झुलत्या पुलाचे दोर कसे ओवतात ते ही मला कागदावर काढून दाखवते हो, ताई.”

“आवाज बंद ठेवलाय ना टॅबचा?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग कान का झाकते?”

“सवय आहे तिला. मिक्सर लावायच्या आधीही झाकते.”

“आधी?” प्रोग्रामरने वही मिटली. “मग इथे काय वाजणार असतं?”

विचारलं तिने, आणि उत्तरही तिचं तिलाच मिळालं. ‘झालं’ दाबलं की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. ती तिची खास हौस. जिन्यात आवाज छान घुमतो म्हणून ऑफिसातल्या अठ्ठावीस जणांना पायऱ्यांवर उभं करून तिने तो रेकॉर्ड केला होता. शिट्टी वॉचमनची. सॉफ्टवेअरमधला दुसरा कुठलाही आवाज बंद करता येई, हा मात्र टॅबचा आवाज बंद असला तरी वाजे. मुद्दामच तशी सोय ठेवली नव्हती. कुठल्याही पोराचं कौतुक चुकून हुकू नये, एवढीच वेडी माया.

“टाळ्या वाजल्या होत्या इथे?”

“एकदाच. पहिल्या पानाला. ही टेबलाखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पण त्यानंतर कधी वाजल्याच नाहीत, म्हणून मीही सोडून दिलं.”

“तिने वाजूच दिल्या नाहीत,” प्रोग्रामर म्हणाली. “अहो, मग कळवायचं ना मला!”

“पोरीचं कौतुकच करत होतात तुम्ही. त्याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?”

प्रोग्रामरचा चेहरा पडला. तिने लॅपटॉप उघडला आणि कोडमधल्या चार ओळी पुसल्या. अठ्ठावीस जण शिट्टीसकट गेले. नवी आवृत्ती टॅबवर चढली.

मुंगीने पूल वाचला. बोट बटणापर्यंत आलं, हात कानावर गेला, पान बंद.

“आता नाही वाजणार गं, राणी,” आई म्हणाली. “खरंच नाही वाजणार.”

मुंगीने तिच्याकडे पाहिलंही नाही. नुसत्या सांगण्यावर तिने का भरवसा ठेवावा? प्रोग्रामरलाही ते पटलं. तिने आपल्या फोनवर तेच सॉफ्टवेअर सुरू केलं, फोन टेबलावर मुंगीला दिसेल असा ठेवला आणि ‘झालं’ दाबलं. काही वाजलं नाही. मुंगीने प्रोग्रामरचं बोट धरलं आणि पुन्हा बटणावर ठेवलं. पुन्हा काही नाही. असं सात वेळा झालं. प्रोग्रामर निमूटपणे बोट देत राहिली. आयुष्यात इतकी कसून तपासणी तिच्या कामाची कुणी केली नव्हती.

मग मुंगीचा हात कानावरून खाली आला. तिने आपला टॅब ओढला आणि बटण दाबलं. पडद्यावर बरोबरची एक छोटी हिरवी खूण उमटली, बस्स.

ती बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसली. मग तिने मागची यादी काढली. पहिलं अपूर्ण पान उघडलं, सरसर तळाशी गेली, ‘झालं’. दुसरं उघडलं, ‘झालं’. वाचायला ती कुठेच थांबत नव्हती. ते सगळं तिचं केव्हाच वाचून झालं होतं. तिसरं. चौथं.

प्रोग्रामरला राहवेना. “आत्ताच्या आत्ता फोन लावते तुमच्या बाईंना! चित्रकार्डं म्हणे!” ती उठली, तशी तिची खुर्ची करकरली.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

“थांबा हो, ताई,” ती अगदी हळू म्हणाली. “तिला आधी संपवू दे.”