भेंडीचा भाव

"पाव किलो भेंडीचे चार हजार दोनशे? हौसा, काटा बिघडलाय तुझा!" सुमती गोगटे तडकलीच.

"काटा कुठला बिघडतोय, काकू! तो चेहरा ओळखतो आणि घराची ऐपत बघून भाव लावतो. तुमच्या मागच्या ताईंना हीच भेंडी बारा रुपयांना पडेल."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मग कोणीतरी हळूच "लॉटरी" म्हणालं. गेल्या महिन्याचं मोठं बक्षीस याच गावात लागलं होतं. विजेत्याचं नाव तेवढं सरकारने गुप्त ठेवलं होतं.

सुमतीला आठवलं, पंधरा दिवस दत्तोपंत स्वतःच तालुक्याच्या बाजारातून भाजी आणत होते. रिटायर झाल्यावर नवरा सुधारला, असं तिने मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं. आज त्यांना ताप आला, म्हणून ती बाजारात आली होती.

तिने तिथूनच फोन लावला.

"अगं, तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं," ते खोकत म्हणाले.

"आता झालंच की गावभर! आणि बायकोला कळलं ते काट्याकडून. आता औषधही त्याच्याकडेच मागा."

तिने फोन बंद केला. "दोन किलो दे. त्यांच्या खात्यातून घे. आणि वर मूठभर कोथिंबीर घाल."

हौसा घुटमळली. "एवढी लॉटरी लागल्यावरही कोथिंबीर फुकट, काकू?"

"लॉटरी त्यांना लागलीय. मला नाही."