कमल आणि शालिग्रामनं अडवलेली शेवटची गाडी

म्हातारीनं आपणहून हात पुढे केला. एसटीतले बाकीचे लोक अंग चोरून बसले होते आणि ही चांदीच्या पाटल्या काढून देत होती. कमलनं वर पाहिलं. पदराआडून तिची आई, झुंबरबाई, तिच्याकडे बघत होती.

चोपड्याचा बाजार उरकून गाडी सातपुड्याच्या पायथ्याकडे निघाली होती. पुढे ड्रायव्हरच्या मानेला गावठी कट्टा लावून शालिग्राम उभा होता. कमल आणि शालिग्राम, पेपरात नावं अशी जोडीनंच छापून यायची. कमल शालिग्रामबरोबर पळून गेली तेव्हा तिच्या बापानं मुलगी मेली म्हणून गावाला सांगितलं होतं. शालिग्रामच्या घरीही थारा मिळाला नाही. आधी पोटासाठी एक ट्रक लुटला. मग दुसरा. मग भुसावळच्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप. तिथं शालिग्रामच्या गोळीनं एका कामगाराचा पाय गेला आणि पोलीस हात धुऊन मागे लागले. परवाच एक गोळी शालिग्रामच्या दंडाला चाटून गेली होती. त्यावर कमलच्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

"तुना बाप गया," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली. "आते घरमा मी एकलीच शे. घर चाल."

कमलनं मान हलवली. आता घर कुठलं, आता जेलच, असं ती म्हणाली.

"जेलमातून मानूस घर येस," म्हातारी शालिग्रामच्या दंडावरच्या चिंधीकडे बघत म्हणाली. "गोयी लागनी त मी कोनी वाट देखू?"

शालिग्राम पुढून घाई करत होता. कमल त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिली. आधी तो चिडला. मग त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं. सासूला तो पहिल्यांदाच बघत होता. कट्ट्यातली गोळी काढून त्यानं खिडकीबाहेर टाकली.

"भाऊ, गाडी वळवा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "चोपड्याच्या पोलीस ठाण्यावर घ्या."

कमलनं ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला परत केली. लोकांनी मान वर न करता घेतली. मग ती आईशेजारी जाऊन बसली. म्हातारीनं तिचा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

गाडी वळून रस्त्याला लागली, तेव्हा कुठे कमलच्या डोक्यात आलं. त्यांचं गाव तिकडे शिंदखेड्याजवळ. इकडे ना नातं, ना गोतं. तिनं आईला विचारलं, तू या गाडीत कशी?

"लोके सांगेत, तुम्ही ह्याच रस्तावर गाड्या लुटतस," झुंबरबाई म्हणाली. "म्हनीसन मी दर बाजारले हाई गाडीमा बठस. आज तुम्ही थांबाडी."